मखरामागची भिंत

"गिऱ्हाईक आधी चहा देईल, मग ओळख काढेल, शेवटी रडेल. पण मीटरवर ओल सोळाच्या खाली आल्याशिवाय भिंतीला ब्रश लागता कामा नये. तेव्हा जो नाही म्हणतो, तोच सुपरवायझर."

पुरात भिजलेली घरं दुरुस्त करून देणाऱ्या आमच्या कंपनीत शिर्केसाहेब दर सोमवारी हे शिकवायचे. मी पुढे बसून लिहून घ्यायचे.

सुपरवायझर झाले आणि पहिलंच घर मिळालं ते शिर्केसाहेबांचं. गणपतीला चार दिवस उरले होते. जिथे मखर बसायचं, त्या भिंतीला मी मीटर लावलं. बावीस.

वहिनींनी चहा आणला. साहेब म्हणाले, "तू देवरुखची ना? माझ्या आत्याचं सासर तिथलंच." मी चहा घेतला आणि वहीत आकडा लिहिला.

"अगं, छत्तीस वर्षांत आमचा गणपती कधी बिनरंगाच्या भिंतीपुढे बसला नाही गं." साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

चहा, ओळख, रडणं. त्यांनी क्रमसुद्धा चुकवला नव्हता.

"साहेब, पंखा चालू ठेवा. पंधरा दिवसांनी परत बघायला येते."

गणपती उघड्या प्लास्टरपुढे बसला. मी आरतीला गेले, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि जो तो आधी भिंतीकडे, मग माझ्याकडे बघत होता. साहेब टाळ शोधत होते. वहिनींनी माझ्या हातावर मोदक ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिला कुणी काही बोलू नका. हिला ह्यांनीच शिकवलंय."