चौदावं माप

गायत्रीनं स्कूटर कडुनिंबाखाली लावली. स्टँड मुरमात रुतायला लागला, म्हणून तिनं आजूबाजूला बघितलं आणि एक घडीव दगड ओढत आणून त्याखाली सरकवला. दगडाच्या कोपऱ्यावर लाल रंग लागला होता.

“तितं लावली व्हय गाडी?” प्रेमाबाईंनी दारातूनच विचारलं.

“सावली आहे म्हणून. काढू का?”

“न्हाय, ऱ्हाऊ द्या.” त्या गाडीकडं जरा बघत राहिल्या. “या आत. विद्यापीठातली मान्सं उन्हात बी भाईर पडत्यात म्हनायचं!”

“रस्ता छान झालाय तुमचा.”

“व्हय. दिवाळी झाल्या झाल्या मशीन आली.”

गायत्री विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण केंद्रात संशोधन सहायक होती. केंद्रानं बारा गावांतल्या बाराजणींना विहिरीचं पाणी मोजायला शिकवलं होतं. दर अमावस्येला आणि पौर्णिमेला मोजायचं, कारण त्या तिथी कुणाला लिहून द्याव्या लागत नाहीत. विहिरीच्या काठावर केंद्रानं दिलेल्या लाल ठिपक्यापासून वजन बांधलेला टेप पाण्यापर्यंत सोडायचा, आकडा वहीत लिहायचा आणि पानाचा फोटो पाठवायचा. त्याच दिवशी केंद्राचा माणूस न कळवता येऊन तीच विहीर पुन्हा मोजणार. दोन्ही आकडे केंद्राच्या तक्त्यात शेजारी शेजारी.

दिवाळीत फेरतपासणी करणारा रुद्रेश नोकरी सोडून गेला आणि ते काम गायत्रीकडं आलं. जळकोटपुढची ही वस्ती सगळ्यांत लांबची. पहिल्या पौर्णिमेला तिला ताप होता. तिनं प्रेमाबाईंचा आकडा घेतला, त्यात दोन सेंटिमीटर मिळवले आणि सही केली. दुसऱ्या खेपेला ताप नव्हता.

अशी तेरा मापं झाली.

गेल्या आठवड्यात केंद्रप्रमुख कृष्णराज सरांनी प्रेमाबाईंच्या विहिरीचा आलेख भिंतीवर लावला. दोन वर्षांच्या रेषा जवळजवळ एकावर एक होत्या. “खेड्यातली बाई मोजते आणि आपलं माप तिच्याशी जुळतं,” सर म्हणाले. “दुसरं काय सिद्ध करायचंय आपल्याला?” उद्याच्या कार्यक्रमात ते प्रेमाबाईंना बाराही गावांच्या प्रशिक्षक म्हणून नेमणार होते. शोधनिबंधही उद्याच जाणार होता. त्यावर गायत्रीचं नाव होतं.

आलेख भिंतीवर लागल्यापासून गायत्रीला नीट झोप नव्हती. खरं सांगितलं, तर एका प्रामाणिक बाईची मेहनत तक्त्यातून उडणार. नाही सांगितलं, तर तिच्या खऱ्या आकड्यांशेजारी आपले खोटे आकडे कायमचे राहणार.

“मावशी, आजचं माप आपण दोघी मिळून घेऊ.”

“घिऊ की. आदी च्या घ्या.”

चहा झाला. मग शेंगा आल्या. गायत्रीनं वही चाळली. पहिल्या वर्षाची पानं ओल्या बोटांनी सुरकुतलेली होती, कुठं शाई पसरलेली. दिवाळीनंतरची पानं मात्र कोरडी, नीटनेटकी. हात बसला बाईंचा, तिला वाटलं, आणि आणखीच अपराधी वाटलं.

“उद्या साडी कंची नेसू?” प्रेमाबाई म्हणाल्या. “सून चिडवती, म्हनती आत्याबाई आता सरांच्या वरच्या सर झाल्या. रेशनच्या कागदाबिगर माजं नाव कुटं छापलेलं न्हाय, ताई.”

गायत्रीनं वही मिटली.

“मावशी, माझी मापं मी इथं न येताच लिहिली.”

“म्हंजी?”

“फेरतपासणीची. दिवाळीपासून एकदाही आले नाही. तुमचाच आकडा थोडा कमी-जास्त करून मी माझा म्हणून लिहिला.”

प्रेमाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“तेराच्या तेरा येळंला?”

“हो.”

“आन् म्या दर आवसंला, दर पुनवंला दारात बसायचे. आज येत्याल ताई, आज येत्याल. भाकर गोड लागायची न्हाय.”

गायत्रीनं मिटलेली वही त्यांच्यापुढं सरकवली.

“संध्याकाळी सरांना लेखी देणार आहे,” ती म्हणाली. “प्रेमाबाईंचे आकडे खरे आहेत, खोटेपणा फक्त माझा आहे. आजचं माप दोघींचं असलं, तर निदान तुमचं तरी ते मानतील.”

“तसं लिवू नगा, ताई.”

“का? तुमची काय चूक?”

प्रेमाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग उठून त्यांनी ट्रंक उघडली आणि तळातून टेप काढला. त्याच्या वजनावर गंज चढला होता.

“चला,” त्या म्हणाल्या.

त्या पुढं, गायत्री मागं. गायत्रीला वाटलं, घराला वळसा घालून शेतात जायचं असेल. प्रेमाबाई कडुनिंबाखाली थांबल्या.

“विहीर कुठंय, मावशी?”

प्रेमाबाई स्कूटरपाशी वाकल्या. स्टँडखालच्या दगडावरच्या लाल ठिपक्याला त्यांनी टेप लावून धरला आणि वजन सोडलं. ते तिथल्या तिथं मुरमावर टेकलं.

“रस्त्यात गेली. दिवाळीपासनं हेच माप हाय, ताई.”