तुमचा ड्रेस तयार आहे

“मावशी, मुलीचा ड्रेस कधीचा तयार आहे, न्या की,” शिंपी म्हणाला. “ती गेली रे अपघातात.” त्याच्या हातातली टेप गळून पडली. त्याने ड्रेस पुढे केला, तर मावशींनी हात मागे घेतला. “नेला की तुझे मेसेज बंद होतील. तिच्या फोनवर आता तेवढंच येतं रे, ‘तुमचा ड्रेस तयार आहे’.” शिंप्याने ड्रेस परत मशीनवर ठेवला. पण मेसेज पाठवणाऱ्या कंपनीने कालच तंबी दिली होती: एकाच कामाचे मेसेज सारखे पाठवाल तर सेवा बंद, नवं काम झालं तरच नवा मेसेज. त्याने मावशींना स्टुलावर बसवलं आणि ड्रेसची चांगली शिवलेली बाही उसवली. मग तीच पुन्हा शिवून मेसेज सोडला. मावशींच्या मुठीतला मुलीचा फोन वाजला. “पुढच्या आठवड्यात दुसरी उसवतो,” तो पडलेली टेप उचलत म्हणाला.