मधी उतरायचं न्हाय

"बायकांना लांबची ड्युटी झेपत नाही, असंच ना?" डेपो मॅनेजर जिनेंद्र पाटलांनी मेमो पुढं सरकवला.

डेपोतल्या महिला कंडक्टर सारख्या रजेवर जात. बसच्या लांबच्या फेऱ्या रद्द होत. आज जाब द्यायची पाळी तेजस्वीवर आली होती.

तिनं मेमो घेतलाच नाही. "साहेब, उद्या माझ्या गाडीत चला. अट एकच. मधी उतरायचं न्हाय."

पाटील हसत हसत तयार झाले.

सकाळी निपाणी मागं पडली. पाटलांनी खिडकीतूनच दोनदा चहा घेतला. तेजस्वी गर्दीतून तिकिटं देत फिरत होती. ती पाण्याचा घोटही घेत नव्हती.

दुपारी पाटलांची चुळबुळ सुरू झाली. रस्त्यातला खड्डा न् खड्डा ओटीपोटात कळ आणू लागला. शेवटच्या गावी गाडी थांबली तसे ते दाराकडं धावले. समोर उसाचा फड होता. ड्रायव्हर मारुतीराव तिकडंच निघाले होते.

तेजस्वी दारात आडवी उभी राहिली.

"अहो, सरका! मला जायला पाहिजे!"

"आमाला बी जायला पायजे असतंय की, साहेब. आमी कुठं जायचं? पाणी न पिऊन मूतखडं झाल्यात आमच्यातल्या दोघींना. हौसेनं घेतोय व्हय रजा?"

ती बाजूला सरकली. पाटील खाली उतरले. फडाकडं चार पावलं गेले आणि थांबले. मग परत येऊन आपल्या जागेवर बसले.

"चला," ते म्हणाले. "आता डेपोतच."

पुढचे कित्येक दिवस ते ग्रामपंचायतींचे उंबरे झिजवत राहिले. त्यांच्या प्रत्येक मार्गाच्या शेवटी आतून कडी लागणारी, नळ असलेली एक खोली झाली. रजा घटल्या. लांबच्या गाड्या वेळेवर सुटू लागल्या.

बेळगावला सगळ्या डेपोंच्या सभेत विभागाच्या मोठ्या साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, "पाटील, या बायकांना तुम्ही जादा काय दिलंत?"

पाटलांनी तेजस्वीला माइकपाशी पाठवलं.

"संडास, सर," तीही कन्नडमध्येच म्हणाली.

सभागृहात हशा पिकला. तो ओसरेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग आधी कन्नडमध्ये आणि नंतर मराठीत म्हणाली, "ज्यांच्या मार्गावर अजून सोय न्हाय, त्यांनी उभं ऱ्हावं."

खुर्च्या सरकल्या. इतर डेपोंमधली एकूण एक महिला कंडक्टर उभी होती.

मोठ्या साहेबांनी भाषणाचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं.

"बोला. कुठल्या मार्गापासून सुरुवात करू?"