नाव न घेतलेलं औषध

"आत्या, या वाटीत काय होतं?" भाग्यश्रीनं पुन्हा विचारलं.

रंभाआत्या राखेनं वाटी घासत राहिली. "औषध."

"कशाचं?"

"नाव घेतलं की गुण जातो. माझ्या सासूनं मला दाखवलं, तवा तिनंबी घेतलं न्हवतं."

आत भाग्यश्रीचे वडील चांगदेव, तिचे बापू, भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडले होते. मानेतल्या कॅन्सरच्या गाठी केमोच्या दोन सलाईनींत निम्म्यावर आल्या होत्या. तिसरी काल पुण्याच्या डॉक्टरांनी दिलीच नाही. रक्ताचा रिपोर्ट त्यांनी भाग्यश्रीपुढं सरकवला. ती दौंडला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट; तिला आकडा कळत होता. पांढऱ्या पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या.

"आमच्या औषधानं उतरतात, पण एवढ्या नाहीत," डॉक्टर म्हणाले होते. "घरी आणखी काय देताय? परवा घेऊन या. दाखल करावं लागेल."

घरी काहीच देत नाही, असं ती ठासून सांगून आली होती. आणि आज सकाळी, केंदूरच्या घरात, बापूंच्या उशाशी तिला ही वाटी दिसली. तळाशी हिरवा गाळ.

"आत्या, आता साध्या तापानंसुद्धा बापू जातील. मला कळायलाच हवं."

आत्याचा हात थांबला. "जातील? माझ्या हातनं?"

ती उठली. भाग्यश्रीचं मनगट धरून तिला न्हाणीमागं घेऊन गेली आणि सांडपाण्यावर वाढलेल्या झुडपापुढं उभं केलं. शेंड्याला गुलाबी फुलं होती. खालच्या फांद्या पार ओरबाडलेल्या होत्या.

सदाफुली.

"पाटंचं तोडती, कुणाशी बोलायच्या आत," आत्या हळू आवाजात म्हणाली. "मूठभर पानं. तुझा बाप एक थेंब सांडत न्हाई."

भाग्यश्री तिथंच ओल्या दगडावर बसली.

"आत्या," तिच्या तोंडून निघून गेलं, "बापूंच्या सलाईनमधलं इंजेक्शन याच झाडापासून काढतात."

आत्यानं झुडपाच्या शेंड्याला हात लावला.

"पण ते मोजून देतात, आत्या. ढीगभर पानांतून कणभर निघतं, आणि त्या कणाचंही वजन करतात. तुझ्या मुठीत किती जातं ते कुणालाच..."

आत्या ऐकत नव्हती. तिनं पदरानं डोळे पुसले, तरातरा पुढच्या दारी गेली आणि भर गल्लीत उभी राहून समोरच्या घराकडं ओरडली.

"पुतळाबाई, तुमच्या गाठ आलेल्या जावंला सांगा. सदाफुली हाय. व्हय, ही दारातली सदाफुली. दवाखान्यातबी हीच देत्यात. आमची भाग्यश्री सांगती, औषधाचंच शिकलीय ती."

भाग्यश्री धावत घरात शिरली.

बापू उठून बसले होते. पाठ भिंतीला, तोंड दाराकडं. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी दिसत होती.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "गाडीवाल्या विनोदला फोन लाव. उद्या पुण्याला जायचं नाही, गाडीला दुसरं भाडं घे म्हणावं."