तंबोऱ्याची जवारी

मुलांनो, चंद्रावर माणसांची वस्ती झाली आहे, अशी कल्पना करा. तिथल्या गायिकेला मिरजेचा तंबोरा हवा होता. आवाज पसंत पडला, तरच तो संध्याकाळच्या यानाने जाणार होता. पण तंबोरा बनवणाऱ्या अब्बांची मुलगी रुबीना तिला ऐकवायला ध्वनिमुद्रण करी, तेव्हा सॉफ्टवेअर जवारीची, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून उठणारी गुणगुण खरखर समजून पुसून टाकी. ही सफाई बंद करायचं बटणच नव्हतं.

“तारांखालची घोडी घासून घासून जवारी काढली मी. याला कान आहेत की नुसती भोकं?” येरझाऱ्या घालत अब्बा म्हणाले.

“वाद्यांच्या यादीत तंबोराच नाही, अब्बा. गिटार निवडलं की गुणगुण जाते.”

“मग दुसरं काही बघ, बेटा. यान निघेल.”

रुबीना यादी खाली सरकवत राहिली. वाद्यं संपली, पक्षी संपले, कीटक आले. तिने ‘मधमाशी’ निवडलं आणि अब्बांना तार छेडायला सांगितलं.