भरकटलेली रेघ

साताऱ्याला घाटातली मॅरेथॉन पळून शिवतेजदादा कुंडलला आला, तो हातातल्या घड्याळाला शिव्या घालतच. अर्धा किलोमीटर कमी मोजलं, चढ तर निम्माच दाखवला. "झाडी आली, डोंगर आला की हेची नकाशावरली रेघ कुठंबी भरकटती. काय इस्वास न्हाई," असं तो आठवडाभर भेटेल त्याला सांगत होता. मग स्वतःला नवं घेतलं आणि हे मला दिलं, पोलीस भरतीच्या सरावाला. जोडलेलं मात्र त्याच्याच मोबाईलला राहिलं.

काल त्यानं मोबाईलवर माझ्या पळण्याचा नकाशा उघडला. रेघ रस्ता सोडून, माझ्या वर्गातल्या जयराजच्या घरात शिरून बाहेर आली होती.

"दादा, मी रस्त्यानंच पळाले. तितं चिंचंची झाडं हायती. रेघ भरकटती असं तूच म्हनला हुतास."

त्यानं माझे बूट उचलून माळ्यावर फेकले. मैदानी चाचणी आठ दिवसांवर आली होती. मग आईकडं वळून शांतपणे म्हणाला,



"मशीन कशाला खोटं बोलंल?"