पाच वाजताचा आवाज

भोंगा खरखरला आणि खोऱ्यावरून त्या मुलीचा आवाज आला. "पाच वाजले. मुलांनो, आता आपापल्या घरी जा."

घरी जायला वाडीत मुलं होतीच कुठे? एकटी सुझुना होती, पाच वर्षांची, आणि ती आपल्याच अंगणात आलुबुखाराच्या झाडाखाली बसली होती. तिने मान वर करून भोंग्याच्या खांबाकडे पाहिलं.

"आई, ती सगळ्यांना घरी जा म्हणते. मग तिला कोण म्हणतं?"

कानाएच्या हातातलं धुणं तसंच राहिलं. समोरच्या घराचं दार सरकलं होतं. फुमीआजी उंबऱ्यात उभी राहिली, तिने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि दार हळूच लावून घेतलं. रोज तसंच. आवाज तिच्या लेकीचा, चिएकोचा होता. वाडीची शाळा चालू होती तेव्हा टेपवर भरलेला. त्याच वर्षी शरद ऋतूत चिएको नदीवर खेळायला गेली ती परत आली नाही. शाळा पुढे बंद पडली, माणसं शहरात गेली, पण आवाज बदलायला नवं पोर होतं कुठे?

कावासाकी शहरात दोन खोल्यांचं भाडं भरता भरता कानाए आणि तिचा नवरा यासुनोरी यांच्या नाकी नऊ आले होते. इथे लहान मूल असलेल्या कुटुंबाला वाडी जवळजवळ फुकटात घर देत होती, वर अंगण आणि झाडं. यासुनोरीचं काम संगणकावरचं, ते कुठूनही होत होतं. हिशेब बिनचूक जमला होता. फक्त सुझुनाशी खेळायला कोणी नव्हतं, ते हिशेबात धरायचं राहून गेलं होतं. हल्ली ती त्या खांबाशी बोलायची. बोलून थांबायची आणि ऐकल्यासारखी मान हलवायची. कानाएला ते बघवत नसे. हे असंच चाललं तर गाशा गुंडाळून परत जायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

शेवटी ती वाडीच्या प्रमुखांकडे, कुराताकाकांकडे गेली. गेलेल्या मुलीचा आवाज बंद करा, असं एका आईने म्हणायचं म्हणजे जीभ जड होतेच. तरी ती म्हणाली.

"अगं, आम्ही वाटच बघत होतो की!" कुराताकाका म्हणाले. "इतक्या वर्षांनी वाडीत पोर आलंय. सुझुनाचाच आवाज लावू. फुमीआजींना मी विचारतो."

फुमीआजीने एका शब्दाने हरकत घेतली नाही. उलट दुसऱ्या दिवशी टोपलीभर मुळे घेऊन आली. अशी ती नेहमीच काही ना काही आणायची आणि कानाए टोपलीत दुसरं काहीतरी घालून परत करायची. रिकामी टोपली परत करायची नसते, हे तिला आजीनेच हसत हसत शिकवलं होतं.

सुझुनाचा आवाज यासुनोरीने फोनवर भरून घेतला. शेवटी तिने पदरचं एक वाक्य घातलं, तेव्हा त्याला हसू फुटलं. "राहू दे, गोड आहे," म्हणत त्याने ते तसंच कुराताकाकांना देऊन टाकलं आणि कामासाठी दोन दिवस शहरात गेला.

त्या संध्याकाळी कानाए स्वयंपाकघरात भात लावत होती. भोंगा खरखरला.

"पाच वाजले. मुलांनो, आता आपापल्या घरी जा." सुझुनाचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. मग जरा थांबून, "आणि तू पण ये. आमच्या घरी ये."

कानाएने ओले हात पुसले. तिने खिडकीतून समोर पाहिलं. फुमीआजीचं दार उघडलं नव्हतं. आज पहिल्यांदाच.

इकडे आपलं दार सरकलं. धावत्या पावलांचा आवाज आतल्या खोलीत गेला.

"हात धू गं आधी!" कानाए ओरडली. आतून कुजबुज आली, मग खिदळणं. किती दिवसांनी पोरगी अशी हसत होती! कानाएला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

दारावर टकटक झाली. फुमीआजी होती. ठेवणीतला किमोनो नेसलेली, हातात भाजलेल्या रताळ्यांची वाफाळती टोपली.

"आजी, तुम्हाला वाईट वाटलं असेल," कानाए घाईघाईने म्हणाली. "माझं चुकलंच. मी..."

"छे गं. इतकी वर्षं मी दार उघडून उभी राहिले. खेळात रमलेली पोरं आईची हाक ऐकतात होय? त्यांना पोरांनीच बोलवावं लागतं."

टोपली कानाएच्या हातात देऊन आजी दाराशी वाकली. पाहुण्यांच्या चपला परत निघताना पायात घालायला सोप्या जाव्यात म्हणून वळवून ठेवतात, तशी ती एकेक जोड वळवू लागली. आधी सुझुनाचे पिवळे बूट. मग त्यांच्या शेजारचे लहान, लाल, रबरी बूट. त्यांतून पाणी गळत होतं. कानाएने अंगणाकडे पाहिलं. अंगण कोरडं ठणठणीत होतं.

आत दोघी हसल्या. त्यातला एक आवाज कानाएने आजवर रोज पाच वाजता ऐकला होता.

"जेवून येऊ दे तिला सावकाश," फुमीआजी उठत म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं. "आणि उद्या पाच वाजता सुझुनाला पाठव आमच्याकडे. रिकामी टोपली परत करायची नसते, तुला माहीतच आहे."